तीन महिन्यांसाठी टाकी भरतात

स्टँडवर त्याला सगळे तोफ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे; पण त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एकतीस वर्षं त्याने भाड्याची गाडी चालवली आणि एकतीस वर्षांत असा एक दिवस गेला नसेल की तो कुणावर तरी उखडला नाही. कुणी दार आपटलं की संपलंच. "फ्रीज आहे का तो? हळू लावायचं," असं तो गिऱ्हाइकाला सरळ सुनवायचा, मग ते गिऱ्हाईक बँकेचा मॅनेजर असो नाहीतर नवरदेव. मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा सांडणाऱ्या एकाला त्याने भर रस्त्यात उतरवलं होतं, आणि उतरवताना चुरा झाडायलाही लावला होता. पण वेळेला पक्का. पहाटेची गाडी गाठायची असेल तर तोफेला सांगा आणि खुशाल झोपा, असं लोक म्हणत, आणि झोपतही.

त्याच्यावर आवाज चढवणारं गावात एकच माणूस होतं, ती म्हणजे मास्तरीणबाई. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेली, किडन्या गेलेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारी. त्याने जरा वेग वाढवला की मागून हुकूम यायचा, "अरे, मी मरायला नाही चालले, मरू नये म्हणून चाललेय. हळू घे." आणि तोफ गुमान हळू घ्यायचा.

तिच्याच फेरीला ते झालं. सिग्नलला गाडी थांबली, समोर लाल दिवा होता, एवढंच त्याला आठवतं. पुढचं आठवतं ते एकदम फुटपाथवरचं: कुणीतरी त्याच्या तोंडावर पाणी मारतंय, शर्टाची बटणं उघडी, भोवती ही गर्दी. मधल्या वेळात त्याला फिट आली होती. गाडी पुढे सरकत सरकत बसच्या बंपरला टेकली होती, आणि मास्तरीणबाईंनी मागच्या सीटवरून पुढे झेपावून, ज्या हाताला सुया टोचतात त्याच हाताने, हँडब्रेक ओढला होता. कुणाला खरचटलंही नाही. शुद्धीवर आल्यावर तोफेने पहिलं काय विचारलं असेल? "माझं दार एवढं सताड कुणी उघडं टाकलंय?"

हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्याला वजन करायला शेजारच्या खोलीत पाठवलं. तो परत आला तेव्हा बायको खिडकीबाहेर बघत होती आणि लेक पर्समध्ये कागद कोंबत होती. लेक औषधाच्या दुकानात कामाला, त्यामुळे घरातलं दवाखान्याचं सगळं तीच बघायची.

"बाबा, तीन महिने गाडीला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "गोळ्या चालू राहतील. तीन महिन्यांनी बघू."

तीन महिने. तोफेचा संताप संताप झाला. डॉक्टरांना त्याने जाता येता शिव्या घातल्या, फिटला घातल्या, सिग्नलला घातल्या. एक फिट आली म्हणून एवढा तमाशा? माणसाला एकदा चक्कर येते, म्हणून काय तो जन्मभर आंधळी कोशिंबीर खेळतो? पण शेवटी त्याने कॅलेंडर काढलं, नव्वद दिवस मोजून एका तारखेला गोल केला आणि रोज सकाळी एकेक दिवस खोडायला लागला. त्या गोलावर तो जगत होता असं म्हटलं तरी चालेल.

रिकामा माणूस घरात असला की घरच्यांना काय भोगावं लागतं ते घरच्यांनाच विचारा. त्याने नळाची गळती काढली, मग नसलेली गळती शोधायला लागला. बायकोने कपडे वाळत कसे घालावेत हेही त्याने तिला शिकवलं. मध्ये एकदा दुपारचा झोपून उठला तर सगळं अंग ठणकत होतं, जिभेला जखम झाल्यासारखं झालं होतं. "बसून बसून अंग आंबलंय," तो म्हणाला. "आणि तोंड आलंय तुमचं," बायको म्हणाली, "चहा कमी करा." तिच्या उजव्या हाताच्या बोटाला हे भलंमोठं बँडेज होतं.

"हे काय?"

"सुरी लागली. भाजी चिरताना."

झालं. तोफ असा तापला की विचारू नका. तीस वर्षं स्वयंपाक करतेस, सुरी धरता येत नाही? लक्ष कुठे असतं? ही सुरीच घरात नको, म्हणून त्याने ती मोठी सुरी उचलली, तावातावाने खाली गेला आणि गाडीच्या डिकीत, हत्यारांच्या पेटीत टाकून आला. वर पुन्हा कुलूप. तेव्हापासून बायको एका बोथट, मूठ हललेल्या लहान सुरीने भाजी चिरत होती, बोट वर धरून. टोमॅटो चिरताना तो फुटायचा. ती एका शब्दाने काही बोलली नाही, आणि एका शब्दाने न बोलणारी बायको ती नव्हे, हे त्याच्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. रागात असलेल्या माणसाला स्वतःचाच आवाज इतका मोठा ऐकू येतो की बाकीचं राहून जातं.

सहा आठवडे झाले तेव्हा लेकीने विषय काढला. गाडी नुसती उभी राहून खराब होईल, मिस्त्रीकाकांना बोलावून नीट बंद करून ठेवू.

"तीन महिन्यांसाठी कसली बंद करायची? आठवड्यातून एकदा चालू केली की झालं."

"कोण करणार चालू? तुम्ही? मग म्हणाल, चालू केलीच आहे तर एक चक्कर मारून येतो."

तोफेने विषय तिथेच सोडला, कारण अगदी तेच त्याने ठरवलं होतं.

आता मिस्त्रीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. मिस्त्री म्हणजे गॅरेजवाला, तोफेचा तीस वर्षांचा दोस्त. एका कानाने कमी ऐकायचा आणि दोन्ही कानांनी ऐकत असता तरी बोलला नसता, असा माणूस. गावात एक जहाजावर नोकरी करणारा होता. तो बोटीवर गेला की त्याची गाडी मिस्त्रीकडे पडून राहायची. कधी तीन महिने, कधी वर्ष, एकदा तर चांगली अडीच वर्षं. ती गाडी झोपवायचं काम हे दोघे मिळून करत, आणि करता करता चुकत चुकत त्यांनी आपला एक कायदा बसवला होता. महिन्याभरासाठी नुसती बॅटरीची वायर काढायची. तीन महिन्यांसाठी टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आत ओल धरत नाही, आणि चाकांत हवा थोडी जास्त मारायची. वर्षाच्या वर गेलं की सगळं उलटं. टाकी उपसून कोरडी करायची, कारण पेट्रोल सडतं. प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडायचं. आणि गाडी ठोकळ्यांवर उचलून चारही चाकं अधांतरी ठेवायची. हँडब्रेक मात्र कधीच ओढायचा नाही, चिकटून बसतो. हा कायदा त्या दोघांना पाठ होता. लेकीला आणि बायकोला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं, आणि तिथेच त्या फसल्या.

रविवारी सकाळी मिस्त्री आला. बिल्डिंगच्या मागे पत्र्याची शेड होती, तिथे गाडी. तोफेला प्लास्टिकची खुर्ची देऊन बाजूला बसवलं होतं. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. बसल्या बसल्या तो तोंड चालवत होता.

"पायपुसणी काढ खालची. खाली पाणी राहिलं तर पत्रा खाईल. अरे, त्या कोपऱ्यात. तुझ्या डोळ्याला काय झालंय?"

मिस्त्रीने गाडी धुतली, पुसली, दारं उघडी ठेवून वाळवली. बॅटरी काढून भिंतीपाशी ठेवली. सायलेन्सरच्या तोंडात उंदीर जाऊ नयेत म्हणून फडक्याचा बोळा कोंबला. तोफ जरा निवला होता. कामात माणूस बघायला त्याला बरं वाटायचं. मास्तरीणबाईंना आता कोण नेतं, तो धड चालवतो की नाही, हेही त्याने विचारून घेतलं. "मला म्हणाली, नवा ड्रायव्हर फार हळू चालवतो," मिस्त्री म्हणाला. तोफ किती दिवसांनी हसला.

मग मिस्त्रीने रिक्षातून डबे उतरवले. प्लास्टिकचे, पाच-पाच लिटरचे, सहा.

"भरून आणलेस?"

मिस्त्रीने ऐकलं नाही. किंवा कमी ऐकू येणारा कान तिकडे केला. तोफेने उठून एका डब्याला पाय लावला. डबा भेलकांडत गेला. रिकामा.

"अरे, रिकामे डबे कशाला आणलेस? टाकी अर्धी आहे. भरायला पेट्रोल कुठंय?"

मिस्त्री गाडीखाली शिरला होता. त्याचे फक्त बूट दिसत होते. थोड्या वेळाने पेट्रोलचा वास आला आणि डब्यात धार पडल्याचा आवाज. तोफ तसाच उभा राहिला. पहिला डबा भरला, दुसरा लागला. त्याने शेडच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे गोणपाट टाकलेलं होतं, सकाळपासून होतं, त्याने लक्ष दिलं नव्हतं. त्याने ते पायाने बाजूला सारलं. खाली चार लाकडी ठोकळे होते. जहाजवाल्याच्या गाडीचे. एकावर त्याच्याच हाताने कधीतरी खडूने ओढलेली रेघ अजून होती.

"बाहेर ये," तोफ म्हणाला.

बूट हलले नाहीत.

"बाहेर ये म्हणतोय ना. का ओढू?"

मिस्त्री सरपटत बाहेर आला आणि हात पुसत बसला.

"किती दिवसांसाठी करतोयस?"

"तीन महिने," मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला.

"तीन महिन्यांसाठी टाकी भरतात."

मिस्त्रीने हात पुसलेलं फडकं पुन्हा हातांवरून फिरवलं.

"मला शिकवू नकोस. कायदा तुझा एकट्याचा नाही. तीन महिन्यांसाठी भरतात आणि वर्षाच्या वर गेलं की उपसतात. किती सांगितलंय तुला? एक वर्ष? दोन?"

"लेक म्हणाली, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, गाडी चालवणं कायमचं बंद, आता ही बाहेर निघायची नाही," मिस्त्री म्हणाला. "विकू म्हटलं तर तू घर डोक्यावर घेशील, म्हणून तूर्त ठेवून द्यायची. तुला तीन महिने सांगायचं. मी बोललो तसं. तोंडाने खोटं बोलायला काय लागतं? पण टाकी भरून पेट्रोल सडवायचं, ते माझ्याच्याने नाही झालं बाबा. गाडीने काय घोडं मारलंय कुणाचं?"

तोफेचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. तशा लेक आणि बायको धावत खाली आल्या; लेकीच्या पायात दोन वेगळ्या चपला. डबे बघून तिने कपाळाला हात लावला. मिस्त्रीकाका आपलं काहीतरी करतील आणि कुलूप लावून जातील, एवढंच तिने धरलं होतं. त्यांचे हात खरं बोलतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"किती दिवस चाललंय हे?" तोफ म्हणाला. "सगळे मिळून मला येड्यात काढताय? मी तिकडे रोज तारखा खोडतोय आणि तुम्ही बघताय? मजा वाटली असेल ना? म्हातारा खोडतोय, खोडू दे."

"बाबा, ऐका तरी."

"तू गप्प बस. तुला चार गोळ्यांची नावं आली म्हणून डॉक्टर झालीस का? एक फिट. एक आली एवढ्या वर्षांत. सहा आठवडे झाले, पुन्हा काही झालंय? बोल ना, झालंय?" मग तो बायकोकडे वळला, आणि तिच्याकडे वळल्यावर त्याचा आवाज खाली आला, जे जास्त वाईट होतं. "आणि तू. तू पण यांच्यात? तीस वर्षं माझ्या ताटासमोर बसतेस आणि माझ्याशी खोटं बोललीस?"

तो गाडीत जाऊन बसला. दार इतक्या जोरात आपटलं की शेडचा पत्रा थरथरला. स्वतःच्या गाडीचं दार, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. बॅटरी भिंतीपाशी होती, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, तरी तो किल्ली फिरवतच राहिला.

लेक रडायला लागली. बायको नाही रडली. ती सरळ गाडीपाशी गेली आणि तिने दार उघडलं.

"झालं तुमचं? आता माझं ऐका. रोज उठून तुमचंच ऐकतेय. झालंय का म्हणून विचारताय ना? झालंय. दोनदा झालंय. एकदा दुपारी, तुम्ही झोपला होतात तेव्हा. आणि एकदा परवाच्या मंगळवारी, आंघोळीहून आलात तेव्हा. तुम्हाला काही कळत नाही त्यातलं. उठता आणि विचारता, चहा झाला का."

"काहीतरी सांगू नकोस."

"अंग आंबलं होतं ना तुमचं? तोंड आलं होतं ना? चहाने नाही आलं ते. दातांनी जीभ चावली होती तुम्ही." तिने बँडेजचं बोट त्याच्या तोंडासमोर धरलं. "आणि हे. हे सुरीचं नाही. जीभ तुटेल म्हणून मी मध्ये बोट घातलं. तुम्ही चावलात. दोन टाके पडलेत. आणि वर तुम्ही मलाच बोललात, सुरी धरता येत नाही म्हणून. माझी सुरी घेऊन गेलात. बारा दिवस मी त्या थोट्या सुरीने चिरतेय आणि तुमची बोलणी खातेय. का? तर तुम्हाला कळलं तर तुम्ही हाय खाल म्हणून. गाडीत मास्तरीणबाई होत्या म्हणून वाचलं सगळं. पुढच्या वेळी मागे कोण असेल? त्या हँडब्रेक ओढायला बसल्यात का जन्मभर?"

डब्यात पेट्रोलची धार पडत होती. मिस्त्री नळी काढायला विसरला होता आणि डबा काठोकाठ आला होता.

"डबा बदल," तोफ म्हणाला. "वाहून जाईल."

मिस्त्रीने डबा बदलला.

तोफ बराच वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसला. राग गेला होता असं नाही. राग होता तिथेच होता, फक्त कुणावर काढावा ते सापडेना. डॉक्टरवर काढून झाला होता, लेकीवर काढून झाला होता. आता उरलं ते त्याचं स्वतःचं डोकं, जे त्याला न सांगता बंद पडत होतं. त्याने हात खाली नेऊन हँडब्रेक चाचपला. ओढलेला नव्हता. मिस्त्रीने बरोबर केलं होतं.

मग तो उतरला. दार हळू लावलं. मागे जाऊन त्याने डिकी उघडली, हत्यारांची पेटी पुढे ओढली आणि तिच्यातून पान्यांच्या खालून सुरी काढली. पात्याला ग्रीस लागलं होतं. त्याने खिशातला रुमाल काढून ते पुसलं, एकदा, दोनदा, मग उलटी धरून मूठ बायकोच्या बाजूला केली. तिने घेतली.

"दाखव," तो म्हणाला.

"काही बघायचं नाही त्यात."

"दाखव म्हणतो ना."

तिने बोट पुढे केलं. बँडेजवरून काही दिसण्यासारखं नव्हतं, तरी तो बघत राहिला. मग मिस्त्रीकडे वळून उखडला, "बसलास काय? जॅक घे. मागची बाजू आधी उचल, नेहमीसारखी. चारही चाकं वर गेली पाहिजेत. आणि प्लग काढलेस का? ते कोण काढणार, तुझा जावई?"

मिस्त्री उठला. लेक डोळे पुसत बघत होती. तोफेने ठोकळा उचलून मागच्या चाकापाशी नेऊन ठेवला. त्याला कुणी अडवलं नाही. वाकलेला होता तसाच तो बायकोला म्हणाला, अजून रागातच, तिच्याकडे न बघता:

"पुढच्या वेळी तोंडात बोट घालायचं नाही. काहीच घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि बाजूला बसायचं. हिला विचार, ही सांगेल नीट."